ख्रिस्ताच्या मागे कशासाठी? : धर्मांतराच्या हेतूची परीक्षा

(बुद्धविहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बुद्धविहारात ख्रिस्ती धर्माविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. प्रयोजन सांगतो. आपणांपैकी पुष्कळांची भावकी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जालना आणि त्या बाजूच्या खेड्यांत ख्रिस्ती म्हणून नांदत आहे. एकाच महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून दोन वाटा फुटल्या. एक वाट गेल्या शतकाच्याही आधी देवळाकडून चर्चकडे गेली आणि दुसरी १९५६ साली नागपूरकडे गेली. आज दीक्षा घेऊन आपणांस वर्ष-दोन वर्षे झाली असतील, तेवढ्या अवधीत लग्नघरी, कचेरीत, शेताच्या बांधावर आपणांस एक प्रश्न नक्कीच विचारला गेला असेल : "धर्म बदलून तुम्हांला काय मिळाले?" हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी आपल्या ख्रिस्ती भावकीला विचारला गेला. त्यांनी दिलेली उत्तरे आणि काळाच्या कसोटीवर त्या उत्तरांचे झालेले बरेवाईट हे आपल्यापुढे उघडे असलेले पुस्तक आहे. ते वाचल्यावाचून आपल्या घराचा पाया घालणे शहाणपणाचे नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेतूचा प्रश्न सर्वांना विचारला जात नाही. जो मनुष्य ज्या धर्मात जन्मला त्याच धर्मात मेला, त्याला कोणी विचारीत नाही की, बाबा, तू ह्या धर्मात कशासाठी राहिलास? सवयीने राहिलास, इस्टेटीसाठी राहिलास, की पटले म्हणून राहिलास? तो प्रश्न राखून ठेवलेला असतो गरिबासाठी, आणि त्यातही अस्पृश्यासाठी. १९३६ साली ख्रिस्ती पुढारी डॉ. जॉन मॉट ह्यांच्याशी बोलताना गांधीजींनी विचारले होते की, आपण गाईला शुभवर्तमान सांगाल काय? आणि काही अस्पृश्यांची समज तर गाईहूनही कमी आहे, असे ते पुढे म्हणाले. म्हणजे ज्यांना शतकानुशतके शाळेच्या उंबऱ्यावर येऊ दिले नाही, त्यांना विचार करण्याची शक्तीच नाही असा निर्वाळा द्यावयाचा, आणि त्यांनी काही निर्णय घेतला की तो पोटासाठी घेतला असे म्हणावयाचे.

ही वृत्ती पुढे कायद्यातही उतरली. ओरिसात १९६७ साली झालेल्या कायद्याने बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिष दाखवून धर्मांतर घडविणाऱ्याला शिक्षा सांगितली, आणि धर्मांतरित व्यक्ती अज्ञान बालक, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असल्यास ती शिक्षा दुप्पट केली. बालकाला, स्त्रीला आणि आपल्याला कायद्याने एका ओळीत बसविले. संरक्षणाच्या नावाखाली दिलेला हा दर्जा आपण नीट ओळखला पाहिजे.

परंतु दुसऱ्याने अपमानाच्या हेतूने विचारलेला प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारू नये, असे मात्र नाही. उलट तो आपणच विचारला पाहिजे. म्हणून ख्रिस्ती झालेल्यांचा इतिहास पाहू.

अस्पृश्य ख्रिस्ती झाले ते भाकरीसाठी, असे सर्रास म्हटले जाते. त्याची सर्वांत मोठी परीक्षा आंध्रातील ओंगोल येथे झाली. तेथे जॉन क्लौ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी मादिगा समाजात काम करीत होते. मादिगा हा कातड्याचे काम करणारा, आपल्याकडील चांभार-मांगांसारखा गावाबाहेर ठेवलेला समाज. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. क्लौ ह्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैल खोदाईचा मक्ता घेतला आणि हजारो भुकेल्यांना मजुरी दिली. त्या कामावरील लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लौ ह्यांनी नकार दिला. मदतीचे काम चालू असेपर्यंत कोणालाही बाप्तिस्मा द्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. कारण भुकेचा आणि श्रद्धेचा हिशेब त्यांना एकत्र होऊ द्यावयाचा नव्हता. दुष्काळ ओसरला, काम संपले, देण्यासारखे पैसे उरले नाहीत. तरीही लोक आले. ३ जुलै १८७८ ह्या एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्याचा अर्थ काय? काही म्हणतील, पुढच्या दुष्काळाची तरतूद म्हणून ते आले. तसेही काही असतील. परंतु भाकरी ही एक गोष्ट आणि भाकरी देणाऱ्या हाताची वागणूक ही अगदी दुसरी गोष्ट. आपल्या वाडवडिलांना गावाने भाकरी दिली नव्हती असे नाही. दिली, पण वरून टाकून दिली, शिळी दिली, पदर पसरायला लावून दिली. ज्या मादिगाला पहिल्यांदा कोणी नावाने हाक मारली, शेजारी बसविले आणि मजुरी हातात ठेवली, तो त्या माणसामागे गेला तर त्याने पोट पाहिले की माणुसकी पाहिली? आणि दुष्काळाच्या दहा वर्षे आधी, १८६६ साली, ह्याच समाजातील येर्रागुंटला पेरय्या हे आपल्या पत्नीसह ख्रिस्ती झाले होते. त्यापूर्वी गुरू करून योगमार्गाचा अभ्यास करणारा हा चामड्याचा व्यापारी होता. त्यांच्यापुढे कोणी पोळी धरली नव्हती. ते शोधीत होते आणि शोधता शोधता तेथे पोहोचले.

आता दुसऱ्या टोकाची माणसे पाहू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. संस्कृत विद्येत मोठमोठ्या पंडितांनी मान्यता दिलेल्या ह्या विदुषीने भाकरीसाठी धर्म बदलला असे कोणी म्हणू शकले नाही. तरी महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचा पाऊस पडला. विशेष हे की, बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. ज्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि धर्मगुरूंच्या अधिकारावर त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. ज्यांच्या घरी अन्न खावे त्यांना मनापासून नकार देणे किती अवघड असते, हे आपण जाणता. आणि पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे ही बाई स्वतःचीच उलटतपासणी घेत होती.

नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. त्यांनी वाचून, झगडून निर्णय घेतला आणि घरदार, आप्त, मान सारे गमावले. मिशनच्या पगारावर त्यांनी बरीच वर्षे काम केले, परंतु १९१७ साली तो पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. आपण ख्रिस्ताचे आहोत की मिशनचे, हा प्रश्न त्यांना छळीत होता. पगार सोडून त्यांनी त्याचे उत्तर दिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवरा गेला म्हणून त्या गेल्या नाहीत. त्यांच्या मनातील सोवळेओवळे आणि जातिभेद आधी गळून पडला, मग काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हा क्रम स्पष्ट दिसतो : आधी आतला बदल, मग बाहेरचा.

मग सामान्य ख्रिस्ती माणसाचे काय? त्याचीही नोंद आहे. अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी पिकेट ह्यांनी हिंदुस्थानातील सामुदायिक धर्मांतरांची मोठी पाहणी केली आणि तिच्यावरील ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यांतील हजारो ख्रिस्ती लोकांना त्यांनी सरळ विचारले : आपण ख्रिस्ती का झालात? उत्तरांचे चार गट पडले. कोणी म्हणाले, पापातून सुटका आणि देव हवा म्हणून. कोणी म्हणाले, साहाय्य, शिक्षण, जमीनदारापासून संरक्षण मिळावे म्हणून. कोणी म्हणाले, भाऊबंद झाले म्हणून आम्हीही झालो. आणि कोणी म्हणाले, आईबाप ख्रिस्ती होते म्हणून. पोटापाण्याचे कारण सांगणारांचा गट ह्या चारांत सर्वांत लहान निघाला. पण त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा निष्कर्ष आहे. पुढे चांगले ख्रिस्ती जीवन कोण जगला हे केवळ येतानाच्या हेतूवर ठरले नाही. आल्यानंतर त्यांना शिकविले कोणी, सांभाळले कोणी, नियमित उपासनेची सवय लावली कोणी, ह्यावर ते फार अवलंबून राहिले. उदात्त हेतूने आलेले दुर्लक्षामुळे कोरडे राहिले, आणि साध्या गरजेने आलेले काही जण शिकवणीने उंच चढले.

ह्यात आपणांस नवे काही वाटू नये, कारण भगवान बुद्धांच्या संघात हेच घडले होते. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद हा भिक्षू झाला, पण त्याचे मन घरी राहिलेल्या सुंदर तरुणीत अडकले होते. अप्सरा मिळतील ह्या आशेवर त्याने ब्रह्मचर्य पाळले अशी कथा उदानात आहे. कथेतील स्वर्गाचा भाग बाजूस ठेवावा. मर्म असे की, सोबतच्या भिक्षूंनी त्याला 'भाडोत्री' म्हणून हिणविले, त्याला स्वतःची लाज वाटली, तो एकान्तात साधनेला लागला आणि अखेर अर्हत झाला. तेव्हा ते आश्वासन त्याला नकोसे झाले. बुद्धांनी त्याला हेतू अशुद्ध आहे म्हणून हाकलून दिले नाही, आणि अशुद्ध हेतूवर तो कायमचा थांबेल अशी व्यवस्थाही केली नाही. दुसरे उदाहरण नालंदाच्या उपाली गृहपतीचे. तो निगंठांचा उपासक. वादात जिंकण्यासाठी आला आणि बुद्धांचे ऐकून तत्काळ शरण जाऊ लागला. बुद्ध त्याला म्हणाले, नीट विचार कर. तुझ्यासारख्या नामांकित माणसाने विचार करूनच पाऊल टाकावे. आणि निगंठांना आजवर देत आलास ते दान बंद करू नकोस, असेही सांगितले. अनुयायी मिळत असताना त्यालाच थांबवून विचार करावयास लावणारा धर्मसंस्थापक आपला शास्ता आहे, ह्याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे.

बाबासाहेबांनी ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेविले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. एवढा काळ ज्याने आपल्या आणि आपल्या समाजाच्या हेतूची आणि पुढच्या वाटेची तपासणी केली, त्याच्यावर घाईचा आरोप कोण करील? अस्पृश्यांचे धर्मांतर श्रद्धेतून नाही म्हणून खोटे, ह्या आक्षेपाला त्यांनी सडेतोड उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आज धर्म हा बापाकडून मुलाकडे येणाऱ्या वडिलार्जित मालमत्तेसारखा झाला आहे; ज्यांनी कधी निवड केलीच नाही त्यांची श्रद्धा खरी आणि जे डोळे उघडून निवड करतात त्यांची मात्र खोटी, हा कोठला न्याय? मे १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेतही त्यांनी धर्मांतराची सामाजिक आणि आध्यात्मिक अशी दोन्ही अंगे मांडली. स्वाभिमानाने जगण्याची इच्छा ही धर्माबाहेरची इच्छा नव्हे. माणसाला माणूस न मानणाऱ्या धर्माचा त्याग आणि मानणाऱ्या धर्माचा स्वीकार ह्याहून अधिक धार्मिक हेतू कोणता असू शकतो?

पण ह्याच बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाचीही कठोर चिकित्सा केली. त्यांचे लेख त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहेत. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, चर्चने अस्पृश्याला आत घेतले पण जात बाहेर काढली नाही. आणि तुझी अवनती तुझ्या पापामुळे झाली असे शिकविल्यामुळे, ती समाजाच्या अन्यायामुळे झाली आहे हे धर्मांतरिताला उमगले नाही. म्हणून तो लढावयास उभा राहिला नाही. तो आक्षेप आज पूर्णपणे जुना झाला आहे काय? गोव्यात चारशेहून अधिक वर्षांच्या ख्रिस्ती जीवनानंतरही बामण, चार्दो आणि सुदीर हे भेद लग्न जुळविताना आठवतात. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांची थडगी भिंतीने वेगळी राखली गेली. खुद्द कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ सालच्या आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले. त्या कबुलीला धैर्य लागते, आणि २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ही आनंदाची गोष्ट होय. पण पहिल्या कार्डिनलसाठी एवढी शतके वाट पाहावी लागली, ह्यात सारा इतिहास आला.

ह्यावरून आपण ख्रिस्ती बांधवांना हसावयाचे नाही. त्यांनी जे सोसले तेही कमी नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज इतरांना त्या यादीतून वगळले. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ते दार उघडले. ख्रिस्ती दलितांना ते अद्याप बंद आहे. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसाई हा चांभार सर्वोच्च न्यायालयात गेला, कारण सरकारने इतर चांभारांना दिलेली टपरी त्याला ख्रिस्ती म्हणून नाकारली होती. १९८५ साली त्याचा अर्ज फेटाळला गेला. तोच रस्ता, तेच काम, तेच कातडे. फक्त प्रार्थना वेगळी म्हणून टपरी नाही. आता सांगा, लाभासाठी ख्रिस्ती झाला असे ह्या माणसाला कोण म्हणेल? लाभ हवा असता तर त्याने फक्त कागदावर हिंदू लिहावयाचे होते.

हीच कसोटी आपल्या आईबापांचीही झाली. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती नव्हत्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी दिल्लीचे दार बंदच होते. दीक्षेने मिळण्याऐवजी गमवावे लागले, आणि तरीही लाखो लोक बौद्ध राहिले. "तुम्हांला काय मिळाले?" ह्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे : ज्यांना काही मिळावयाचे नव्हते, तेही राहिले.

धम्मबंधूंनो, आता आरसा आपल्याकडे वळवू. आपणांस स्वतःला काही प्रश्न विचारावयाचे आहेत. ते न्यायाधीशापुढे नव्हे, तर रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपल्याच घरात.

उद्या एकही सवलत उरली नाही तर मी बौद्ध राहीन काय? जनगणनेच्या कागदावर, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मी बौद्ध लिहितो, की विहारात बौद्ध आणि कचेरीत दुसरेच काही?

मी केवळ संतापाने आलो आहे काय? संताप न्याय्य आहे. पण उद्या गावाने मला गोड बोलून बोलाविले, तर माझा धम्म तेथेच संपेल काय? केवळ कोणाला तरी सोडण्यासाठी बांधलेले घर त्याचा विसर पडताच ओस पडते.

घरातील स्त्रीला मी विचारले होते काय? लक्ष्मीबाईंचे उदाहरण येथे आठवावे. नवऱ्याने दीक्षा घेतली म्हणून जी बाई पांढरे लुगडे नेसून रांगेत उभी राहिली, तिच्या मनात जुना देव्हारा तसाच असेल तर तो तिचा दोष नव्हे. तिला समजावून सांगण्याचे कर्तव्य आपण पार पाडले नाही. बावीस प्रतिज्ञा तिने एकदा म्हटल्या. त्यांतील प्रत्येकीचा अर्थ तिला, आणि मुलांना, कोणी उलगडून सांगितला काय? पिकेट ह्यांच्या पाहणीचा धडा हाच आहे. दीक्षेचा दिवस हा आरंभ आहे. पुढची दहा वर्षे कोण शिकवितो ह्यावर सारे ठरते. बाबासाहेबांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास द्यावा असे सांगितले ते ह्यासाठीच. शिकविणाऱ्यांशिवाय धम्म टिकत नाही आणि दानाशिवाय शिकविणारे टिकत नाहीत.

आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न. ज्या जातीसाठी आपण चर्चला दोष दिला ती आपल्या विहारात आली आहे काय? आज येथे मातंग समाजातून, इतर समाजांतून नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे बसली आहेत. जुन्या बौद्ध घरांनो, आपण त्यांना पंक्तीत घेतले, हे चांगले झाले. पण मुलगा-मुलगी पाहताना आपण जुनीच पोटजात विचारता की धम्म विचारता? जर पूर्वाश्रमीचा महार बौद्ध आणि पूर्वाश्रमीचा मांग बौद्ध असे दोन बौद्ध आपण तयार केले, तर गोव्याच्या सुदीराची आणि तिरुचिरापल्लीच्या भिंतीची गोष्ट सांगण्याचा आपला अधिकार संपला. येताना आपला हेतू कितीही शुद्ध असो, आल्यावर जात राखली तर तो हेतू खोटा ठरतो; आणि येताना हेतू साधा, ऐहिक असला तरी आल्यावर जात टाकली तर तो उजळून निघतो. हेतूची खरी साक्ष दीक्षेच्या रांगेत मिळत नाही. ती मुलीच्या लग्नात मिळते.

ख्रिस्ती भावकीकडे आपण जावे, त्यांच्या सुखदुःखात उभे राहावे, त्यांच्या टपरीसाठीही आवाज उठवावा. उपालीला बुद्धांनी जुने दान बंद करू नकोस म्हणून सांगितले, त्यात हेच सौजन्य आहे. आणि कोणी आपणांस पुन्हा विचारले की, धर्म बदलून काय मिळाले, तर रागावू नये. शांतपणे सांगावे : आम्हांला विचार करण्याचा अधिकार नाही असे सांगण्यात आले होते, आम्ही विचार केला, निवड केली, आणि ती निवड रोज पुन्हा तपासून पाहतो. आपणही आपली तपासून पाहावी.



नमो बुद्धाय! जय भीम!